डाव्या बर्नरमधलं घर

डावीकडचा बर्नर उजवीकडे ठेवला, उजवीकडचा डावीकडे, आणि गोटीरामने काडी ओढली.

उजवी बाजू निळी पेटली. डावीकडे मात्र बर्नर बदलूनही पिवळीच ज्योत उठली. लांबट, आळसावलेली, टोकाला काजळी धरणारी. क्षणभर ती तशीच डुलली, मग खालून 'फट्' असा आवाज झाला आणि ज्योत वरून नाहीशी होऊन खाली बटणाच्या पोटाशी भुरभुरू लागली. गोटीरामने बटण फिरवून बंद केलं.

"बघितलं?" सिंधुबाई उंबऱ्याच्या पलीकडूनच म्हणाल्या. भीतीने त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायला तयार नव्हत्या. "अस्संच करती मेली. तीन आठवडे येवल्याला लग्नाला गेलो काय, आल्यापासून हे सोंग. मी तर म्हटलं, उडतंय आता घर."

"घर नाही उडत, मावशी. पण वापरली नाही ते बरं केलं."

"वापरतो कोण! तरी मी चिंचेच्या पाण्यात बर्नर घासून काढला. टाचणी घेऊन एकेक भोक मोकळं केलं. डोळे गेले माझे. अन् हाय तेच."

"बर्नरची खोड असती तर ती बर्नरबरोबर उजवीकडे गेली असती," गोटीराम म्हणाला. "बर्नर तिकडे गेला, खोड इथंच राहिली. म्हणजे दुखणं खाली कुठंतरी आहे."

ओट्याशी उभी असलेली मीना हसली. ती सिंधुबाईंची सून, जवळच्याच बालवाडीत शिकवायची. "दोन दंगेखोर मुलांच्या जागा बदलून बघतात, तसंच झालं की काका."

"बरोब्बर!" गोटीराम खूश झाला. आपलं बोलणं कोणाला पटकन कळलं की तो मनापासून खूश व्हायचा. मग काम बाजूला राहिलं तरी चालेल, पण समजावून सांगायला त्याला आणखी हुरूप यायचा.

गोटीराम मखमलाबादचा. भाऊ कोबी-टोमॅटो करायचे, वाट्याच्या अर्ध्या एकरात बायको कलाबाई मोगरा आणि गलांडा लावायची. हा मात्र विशीत शहरातल्या एका स्टोव्हवाल्याकडे काम शिकायला बसला आणि शेतावर परत गेलाच नाही. आधी रॉकेलचे स्टोव्ह. पुढे सिडकोत एकामागून एक स्कीम उभी राहिली, घरोघरी गॅस आला, तशा गॅसच्या शेगड्या. आता त्याने पन्नाशी ओलांडली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, सायकलच्या मागे पत्र्याची पेटी, आणि गल्लीत शिरताना घंटीचे ठरलेले तीन टोले. हे टोले ऐकले की पोरं धावत बाहेर यायची, कारण शेगडी उघडली की हा माणूस त्यांना काहीतरी दाखवणार हे त्यांना ठाऊक असायचं.

त्याने टाकीचा रेग्युलेटर बंद केला, खिडकी सताड उघडली, शेगडी उलटी करून जुन्या वर्तमानपत्रावर ठेवली. बटणामागचं पितळी जेट पान्याने सोडवलं आणि डोळ्याला लावून खिडकीकडे धरलं. सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसत होता.

"जेट मोकळं आहे. राहिली नळी," तो म्हणाला. "ताई, चूल बघितली आहे ना? चुलीला आपण फुंकणीनं वारा घालतो. इथं फुंकायला कोणी नसतं. गॅस जेटमधून जोरात सुटतो आणि जाताजाता या तोंडातून आपला वारा आपणच ओढून घेतो. नळीत दोघं मिसळतात आणि बर्नरला जाऊन निळे जळतात. वारा कमी पडला की ज्योत पिवळी. नळीच चोंदली की गॅसला पुढं जाता येत नाही, मग तो मागंच पेटतो. तोच तुमचा फट्."

"अगंबाई," मीना म्हणाली. "म्हणजे सगळं वाऱ्यावर आहे."

"सगळं वाऱ्यावर." त्याने स्क्रू काढून नळी मोकळी केली. हातभर नाही, वीतभर लांब, एका टोकाला रुंद तोंडाची. ती हातात घेऊन त्याने सवयीने मान वळवली आणि सवयीनेच विचारलं, "घरात कोणी लहान आहे का?"

विचारलं आणि जीभ चावली.

हा त्याचा जुना खेळ होता. नळीच्या एका टोकाला तोंड लावून फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाला घरातल्या पोराला तळहात धरायला सांगायचं. वारं लागलं तर नळी मोकळी. तळव्याला गार लागलं की पोरं खिदळायची, पुन्हा पुन्हा हात पुढं करायची. पण ज्या घरात दारात लहान चप्पल दिसत नाही, दोरीवर छोटे कपडे नसतात, तिथे हा प्रश्न विचारायचा नाही, हे गोटीरामइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याला स्वतःला हा प्रश्न तीस वर्षं लोकांनी विचारला होता.

सिंधुबाई पदराचं टोक चाळवत राहिल्या. मीनाने मात्र हात पुसले आणि पुढे केले. "मी धरते की. काय करायचं?"

"नुसता तळवा धरा. वारं लागतंय का सांगा."

त्याने गाल फुगवून फुंकर घातली.

"नाही," मीना म्हणाली.

पुन्हा फुंकर. कानशिलं लाल झाली.

"अंहं. काहीच नाही."

त्याने नळी डोळ्याजवळ नेली. रुंद तोंडाच्या आत, बोटभर अंतरावर, माती होती. कशीतरी साचलेली नव्हे. ओल्या बोटाने सारवून गुळगुळीत केल्यासारखी, बोराएवढ्या गोलाईची, एकाला एक चिकटलेली दोन ढेकळं.

"कुंभारीण माशी," तो नकळत बोलून गेला.

झालं! जी बाई इतका वेळ उंबरा ओलांडायला भीत होती ती दोन ढांगांत आत आली. "काय म्हणालात? दाखवा. दाखवा मला." नळीत डोकावून त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि चक्क त्या उलट्या शेगडीला हात जोडले. "आलीस गं बाई! घर रिकामं बघून आलीस! मीना, ऐकलंस का? आपण येवल्याला होतो ना, तेव्हा बांधलं हिनं. सात वर्षं झाली हिच्या लग्नाला, सात. हिचे सासरे जाताना मला म्हणाले, नातवंड तू बघशील. दादा, हात नका लावू त्याला. कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो."

मीना कुकरचं झाकण पुसत होती. तेच तेच पुसत होती.

"मी हळदकुंकू आणते देवघरातनं. अन् शेजारच्या लताबाईला हाक मारते. तिच्या सुनेच्या वेळी पंख्याच्या दांडीवर बांधलं होतं, महिन्यात कळलं!" सिंधुबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पायांत वयाला न शोभणारा वेग. बाहेर चपला फटफट वाजत गेल्या.

दार लोटल्याचा आवाज झाला तशी मीना वळली.

"काका, त्या यायच्या आत काढून टाका ते."

"काय?"

"ती माती. स्क्रू-ड्रायव्हर घाला आणि फोडा. म्हणा, काढता काढता पडलं. तुमच्या हातून पडलं म्हणा." ती भराभर, हळू आवाजात बोलत होती. "गेल्या वर्षी विजेच्या मीटरच्या पेटीत बांधलं होतं. चार महिने मला कोणी पाण्याची बादली उचलू दिली नाही. येवल्याला पत्र गेलं. नणंदेनं कुंची शिवून पाठवली, पिवळी, जरीच्या काठाची. मग एक दिवस सगळेच गप्प झाले. कोणी काही बोललं नाही मला. आई तर बिचाऱ्या माझ्यासाठी शिरा करत बसल्या. पण ती कुंची कपाटात आहे काका. दर वेळी साडी काढताना हाताला लागते. मला पुन्हा नको ते सगळं."

"अहो पण..."

"तुमचं काय जाणार आहे? त्या चार शब्द बोलतील. तुम्ही उद्या दुसऱ्या गल्लीत."

गोटीरामच्या उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होताच. डाव्या हातात नळी. एक टोचा पुरेसा होता. चार महिने उन्हात वाळलेली भिंत असती तर खरवडावी लागली असती. ही माती तर कोवळी होती.

भिंत तर त्याने एकदा खरवडली होतीच.

त्याला पंचवीस वर्षं होत आली. कलाबाई लग्न होऊन घरात आली त्याचं ते सातवं वर्ष. तोवर वैद्य झाला, डॉक्टर झाला, सप्तशृंगीचा नवस झाला. आणि एके दिवशी त्याची आई भागुबाई ओरडत बाहेर आली, की दाण्याच्या कोठीमागच्या भिंतीवर कुंभारणीने घर बांधलंय. त्या दिवसापासून आळीत तोच विषय. आईने त्या मातीला कुंकू लावलं, कलाला विहिरीवर जाऊ देईना, कोणी आलं की हात धरून आधी ती भिंत दाखवायची. आणि दसऱ्याच्या तोंडावर, घराला चुना लावायचा म्हणून गोटीरामने हातात पत्रा घेऊन भिंती खरवडायला घेतल्या. कामाच्या नादात विसरून कोठी सरकवली, एक हात मारला, आणि मातीचं घर पायाशी पडून फुटलं. आतून दोन हिरव्या, गार पडलेल्या अळ्या निघाल्या. माशीने आपल्या लेकरासाठी भरून ठेवलेली शिदोरी. त्यांच्यामध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा जीव. तो वळवळला, मग थांबला.

भागुबाईने आळी डोक्यावर घेतली होती. कला मात्र काही बोलली नाही. केरसुणी घेऊन आली, माती सुपात भरली आणि बाहेर गेली. तिचा तो पाठमोरा झुकलेला खांदा गोटीरामच्या मनात जो रुतला तो रुतलाच. त्यानंतर घरात मूल हा शब्द तिने कधी काढला नाही, आणि काढायची त्याची हिंमत झाली नाही. लोक म्हणत, गोटीच्या हातून घर पडलं, म्हणून त्याचं घर रिकामं. भागुबाई तर मरताना हेच बोलून गेली. कुंभारणीवर त्याचा विश्वास होता असं नाही. कोणत्याही माशीच्या मातीवर माणसाचं पोर अडून राहत नाही, हे त्याला कळत होतं. पण कळणं वेगळ्या खोलीत राहत होतं आणि तो खांदा वेगळ्या.

"काका, येतील त्या," मीना म्हणाली.

त्याने स्क्रू-ड्रायव्हर पेटीत ठेवला.

सिंधुबाई एकट्याच परतल्या. लताबाईच्या दाराला कुलूप होतं. हातात हळदकुंकवाची कोयरी. त्यांनी नळीच्या बाहेरच्या अंगाला बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "आता ही अशीच परत बसवा. आम्ही नाय वापरत ती बाजू. वर्षभर नाय वापरत."

"नळी इथं ठेवता येणार नाही, मावशी."

"का?"

"गॅस झिरपला तर आतला जीव मरेल. बाहेर काढून फळीवर ठेवली तर उद्या साखरेच्या मुंग्या लागतील, अळीसकट सगळं खाऊन टाकतील. तिला झाड लागतं, वारा लागतो." तो खरंच सांगत होता, फक्त जरा जास्त ठासून सांगत होता. "मी मळ्यात नेतो. मोगऱ्याच्या मांडवाला टांगतो. माशी उडून गेली की नळी धुऊन परत आणतो."

"आमच्या घरात आलेलं तुमच्या घरी न्यायचं?" सिंधुबाईंचा चेहरा पडला. "अन् वाटेत पडलं म्हंजे? फुटलं म्हंजे?"

"तर माझ्या डोक्यावर."

"असं कसं?"

"असंच. फुटलं, मेलं, काही झालं, तर गोटीराम शेगडीवाल्याच्या हातून झालं. लताबाईंना सांगा, येवल्याला पत्रात लिहा. सूनबाईंना त्यातलं काही लागू नाही. माशी तुमच्या सुनेकडं नव्हती, माझ्याकडं होती."

तो सिंधुबाईंशी बोलत होता, पण ऐकत होती ती मीना. तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. सिंधुबाई बराच वेळ नळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला पोरंबाळं?"

"नाहीत."

"मग तुम्ही जपाल," त्या म्हणाल्या आणि कोयरी झाकली.

पेटीत मोडीत निघालेल्या एका शेगडीची नळी होती. तिला कपड्याने आतून पुसून त्याने ती बसवली. जेट घट्ट केलं, साबणाचा फेस करून जोडांवर लावला, बुडबुडा येत नाही हे मीनाला दाखवलं. नळीच्या तोंडावरची वाऱ्याची चकती केसभर फिरवली. काडी ओढली. ज्योत आधी पिवळसर, मग चकती आणखी जराशी फिरवल्यावर निळी झाली. प्रत्येक भोकावर कळीसारखी टोकदार, एकसारखी.

"ऐका," तो म्हणाला. "नुसता सूऽऽ असा आवाज. चांगल्या शेगडीचा एवढाच आवाज."

मीनाने त्याच बाजूवर चहाचं आधण ठेवलं.

निघताना ती फाटकापर्यंत आली. सिंधुबाई आत होत्या. "काका, तुम्ही फोडलं का नाही? मी इतकं सांगून."

गोटीराम पेटी सायकलला बांधत होता. नळी त्याने पंचात गुंडाळून सदऱ्याच्या आत, छातीशी उभी ठेवली होती.

"एकदा फोडलंय, ताई," तो म्हणाला.

त्रिमूर्ती चौक, मुंबई नाका, रविवार कारंजा. मे महिन्याचं ऊन उतरायला लागलं होतं तरी डांबर चाकाला चिकटत होतं. एरवी तो होळकर पुलाच्या चढावरही पायडल मारायचा. आज उतरून सायकल हातात धरून चालला. खड्डा आला की डावा हात आपोआप छातीशी जायचा. आणि डोक्यात त्या पोरीचं एकच वाक्य, चपलेत खडा शिरावा तसं. तुमच्या हातून पडलं म्हणा.

मखमलाबाद नाक्यापाशी तो थांबला, उसाचा रस घ्यायला म्हणून. रस हातात तसाच राहिला. त्याला कोठीमागची ती भिंत आठवत होती. त्या सकाळी भागुबाई भावाबरोबर शेतावर गेली होती. घरात दोघंच होती. कला चुन्याची बादली ढवळत चार हातांवर उभी होती. कोठी सरकवायला तिनेच तर हात लावला होता.

घरी पोचला तेव्हा कलाबाई ओट्यावर मोगऱ्याचा ढीग घेऊन बसली होती. संध्याकाळच्या बाजाराचे गजरे. तिची बोटं फुलांकडे न बघता चालायची. देठ, दोरा, गाठ.

"आज लवकर?" ती म्हणाली. मग त्याने पंचातून काढलेलं बघून, "ते काय?"

त्याने नळी तिच्या हातात दिली. तिने आत बघितलं. बोटं थांबली.

गोटीराम पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. सिंधुबाई, येवला, हळदकुंकू, पिवळी कुंची. मीनाचं वाक्य सांगताना मात्र त्याने कलाबाईकडे पाहिलं नाही. मोगऱ्याच्या ढिगाकडे पाहिलं.

"म्हणे, फोडा, अन् तुमच्या हातून पडलं म्हणा."

रस्त्यावरून भाजीचा टेम्पो गेला. शेजारी कोणी तरी म्हशीला हाकलत होतं.

"तुम्ही काय केलं मंग?" तिने विचारलं.

"घेऊन आलो."

"पोरीला बोल लागणार नाय?"

"नाही. म्हटलं, माझ्या डोक्यावर."

"तुमच्या डोक्यावर," ती म्हणाली. तिने नळी हलक्या हाताने सुपात ठेवली, भोवती फुलं सारली, गडगडू नये म्हणून. "अजून किती घेणार हाय डोक्यावर?"

"कला, त्या दिवशी..."

"थांबा. मला बोलू द्या. आत्ता नाय बोलले तर मंग नायच व्हायचं." तिने दोरा बोटाला गुंडाळला आणि सोडला, पुन्हा गुंडाळला. "आत्याबाई शेतावर जाताना मला बजावून गेल्या व्हत्या. गोटी चुना लावणार हाय, कोठीमागं हात लावू देऊ नको, त्याला आठवण कर. दोनदा बोलल्या. तुम्ही कोठीला हात घातला, तवा माझ्या तोंडात आलं व्हतं. आलं अन् मी गिळलं."

गोटीरामने पायरीवर पडलेली एक कळी उचलली.

"पंधरा दिवस झाले व्हते वाट बघून. आळीतली बाई येऊन माझ्या पोटाकडं बघायची अन् मंग भिंतीकडं. रोज. मला वाटलं, पडू दे एकदाचं. एवढंच वाटलं. पुढचं काय बी नव्हतं मनात." तिचा आवाज साधा होता, बाजारातला भाव सांगावा तसा. "अन् मंग सगळे तुम्हाला बोलाया लागले. मला कोणी काय बोलेना. वांझ म्हणणारी तोंडं बंद झाली. गोटीच्या हातून पडलं, गोटीच्या हातून. मी ऐकत राहिले. मला बरं वाटत व्हतं हो. आधी बरं वाटत व्हतं, अन् नंतर सांगायची लाज. आत्याबाई गेल्या तवा तरी बोलायला पायजे व्हतं मी."

"मला वाटायचं, तू माझ्यावर रागावलीस म्हणून बोलत नाहीस," गोटीराम म्हणाला.

"मी? तुमच्यावर?"

"पंचवीस वर्षं."

कलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. हसावं की काय करावं असा तिचा चेहरा झाला, आणि दोन्हींपैकी काहीच झालं नाही. तिने एक कळी उचलली, गाठ मारली. दुसरी उचलली.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "तुला काय वाटायचं गं? मुलगा की मुलगी?" तीस वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. नवरा-बायकोने पहिल्या वर्षात एकमेकांना विचारायची गोष्ट ती.

"मुलगी," ती लगेच म्हणाली. उत्तर तयारच होतं.

"नाव?"

तिने दोरा दातांनी तोडला. "ते नका विचारू. ते अजून कोणाला दिलेलं नाय."

नळी मोगऱ्याच्या मांडवाला टांगली गेली. तारेने बांधली, आणि मुंग्या उतरू नयेत म्हणून तारेला रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळली. ती चिंधी वाळली की कलाबाई पुन्हा भिजवायची. फुलं तोडताना दोन ओळी झाल्या की नळीजवळ जायची, वाकून बघायची आणि काही न बोलता परत तोडायला लागायची. गोटीराम कामाला निघताना बघायचा, आल्यावर बघायचा. कुंभारीण कधी उडते याची वाट, तिच्या येण्याने आपल्याकडे काही व्हायचं नाही हे पक्कं ठाऊक असताना बघणारी ती दोन माणसं. संध्याकाळी ओट्यावर बसून ती दोघं बोलायची. पूर्वीही बोलायची, भाव, बियाणं, भावाच्या पोरांचं शिक्षण. आता मधेच एखादी वेगळी गोष्ट निघायची. सप्तशृंगीच्या पायऱ्यांवर ती चक्कर येऊन बसली होती, तेव्हा खरंच दिवस गेलेत असं वाटलं होतं, ती गोष्ट. किंवा चिमणीच्या उजेडात त्याने लाकडाची एक गाडी करायला घेतली होती आणि अर्धी टाकली, ती कुठे गेली. "माळ्यावर हाय," कलाबाई म्हणाली होती. "चाकं नव्हती तिला. मी ठेवून दिली."

जून अर्धा सरला तेव्हा एका सकाळी मांडवातून तिची हाक आली. "अवं, या इकडं."

एका ढेकळाला गोल, सुबक भोक पडलं होतं. कोणीतरी सुईने कोरल्यासारखं. दुसऱ्याला आधीच पडलेलं असावं. ते मागच्या अंगाला होतं म्हणून दिसलं नव्हतं. आत पोकळ, कागदासारखं पातळ साल, बाकी काही नाही.

"गेल्या," कलाबाई म्हणाली.

"गेल्या."

"आपण बघितल्या पण नाय."

गोटीरामने तार सोडली. नळी पाण्याच्या घमेल्यात बुडवली. माती काही अडून बसली नाही. क्षणात विरघळून पाणी गढूळ झालं. कलाबाईने ते पाणी फेकलं नाही, मोगऱ्याच्या बुंध्याशी हळूहळू ओतलं. तारेच्या ब्रशने त्याने नळी आतून घासली, कपड्याने पुसली, डोळ्याला लावून सूर्याकडे धरली. आरपार उजेड. आज सिडकोत जाऊन परत द्यायची होती. सिंधुबाई विचारतील, माशी कोणत्या रंगाची होती, कोणत्या दिशेला उडाली. काय सांगायचं ते त्याने अजून ठरवलं नव्हतं.

नळी तोंडाला लावून त्याने सवयीने मान वळवली. अंगण रिकामं होतं. भावाची नातवंडं शाळेला गेली होती.

"कला," तो म्हणाला, "हात धर जरा."

तिला कळेना. "कुठं?"

"इथं, या तोंडाशी. नुसता तळवा."

लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि त्याचं हे काम तिने कधी जवळून पाहिलं नव्हतं. तिने ओला हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. देठांच्या चिकाने हिरवट झालेला, दोऱ्याच्या घट्ट्यांनी बोटांवर बारीक रेघा पडलेला तळवा. गोटीरामने फुंकर घातली.

"लागतंय का वारं?"

तिने बोटं जराशी पसरली. "लागतंय," म्हणाली. "गार लागतंय."

नळी मोकळी होती. एकदा फुंकून काम झालं होतं. पण कलाबाईने हात काढला नव्हता, म्हणून त्याने पुन्हा श्वास घेतला आणि पुन्हा फुंकर घातली.